बिछडीच्या विहिरी : एक कारखाना, एक गाव आणि बावीस वर्षांचा खटला

उद्योगाची पर्यावरणाविषयीची आणि लोकांविषयीची जबाबदारी हा विषय निघाला की आपल्याकडे चर्चा लगेच वृक्षारोपणाकडे, शाळेला दिलेल्या संगणकांकडे वळते. ही जबाबदारी खरी कुठे सुरू होते आणि ती टाळली तर तिचं बिल कोणाच्या दारात येऊन पडतं, हे बघायचं असेल तर राजस्थानातल्या बिछडी गावाचं प्रकरण सुरुवातीपासून शेवटपर्यंत वाचावं. सर्वोच्च न्यायालयाच्या १९९६ च्या निकालामुळे ते कायद्याच्या विद्यार्थ्यांना पाठ असतं. पण ते बहुधा एका तत्त्वापुरतं शिकवलं जातं, आणि त्यातले निर्णयाचे क्षण बाजूला राहून जातात. इथे भर त्या क्षणांवर आहे. गावाचं नाव निकालातलंच आहे. कंपन्यांची आणि त्यामागच्या माणसांची नावं मी मुद्दाम गाळली आहेत, कारण आपल्याला समजून घ्यायचा आहे तो निर्णयांचा क्रम.

पार्श्वभूमी

बिछडी हे उदयपूर जिल्ह्यातलं शेतीवर जगणारं छोटं गाव. उत्तरेला तेव्हा सरकारी मालकीचा असलेला जस्ताचा मोठा कारखाना आधीपासून होता. त्याने बिछडीवर संकट आणलं नव्हतं, असं न्यायालयाने निकालाच्या सुरुवातीलाच नोंदवलं आहे. संकट आलं १९८७ च्या सुमारास. एका खासगी उद्योगसमूहाने तिथे ओलियम (अतितीव्र गंधकाम्ल) आणि सिंगल सुपर फॉस्फेट हे खत बनवायला सुरुवात केली. पुढे त्याच आवारात, त्याच मालकांच्या दुसऱ्या कंपनीने एच-ॲसिडचं उत्पादन सुरू केलं. एकाच कुंपणाच्या आत पाच कंपन्या, कागदावर वेगवेगळ्या, सूत्रं मात्र त्याच मोजक्या माणसांच्या हाती.

एच-ॲसिड म्हणजे काय हे जरा जवळून बघायला हवं, कारण सगळं प्रकरण त्याच्या कृतीत दडलेलं आहे. कापड रंगवायचे ॲझो रंग बनवायला लागणारा हा मधला पदार्थ. सुरुवात होते नॅप्थालिनपासून. त्यावर ओलियमची क्रिया करायची, मग नायट्रिक आम्लाची. उरलेली तीव्र आम्लता मारायला चुना घालायचा. त्यातून जिप्समचा गाळ पडतो. पुढच्या टप्प्यात लोखंडाच्या चुऱ्याने क्षपण करायचं. त्यातून लोहाचा काळा गाळ पडतो. मग कॉस्टिकबरोबर उच्च दाबाखाली तापवायचं, पुन्हा आम्ल घालून एच-ॲसिड वेगळं काढायचं आणि गाळून घ्यायचं. मागे राहतं ते गडद रंगाचं, आम्लयुक्त सांडपाणी, जे जिवाणूंनाही सहजासहजी पचत नाही.

आता आकडे. एच-ॲसिड बनवणाऱ्या या मुख्य कंपनीने साधारण ३७५ टन माल बनवला. त्यातून सुमारे ८,२५० घनमीटर सांडपाणी आणि सुमारे २,४४० टन गाळ निघाला. भागाकार करून बघा : एक किलो मालामागे बावीस लिटर विषारी पाणी आणि साडेसहा किलो गाळ. म्हणजे टनांच्या हिशेबात हा कारखाना मुख्यतः गाळच बनवत होता, आणि सोबत थोडं एच-ॲसिड. माल सगळा निर्यातीसाठी होता. किलोभर पावडर परदेशी गेली, साडेसहा किलो गाळ बिछडीत राहिला.

समस्या

हे सांडपाणी प्रक्रिया न करता सोडून दिलं गेलं आणि गाळ आवारात, आवाराबाहेर उघड्यावर टाकला गेला. पुढचं काम पावसाने केलं. गाळातलं विष पाण्याबरोबर जमिनीत झिरपलं आणि भूजलापर्यंत पोचलं. विहिरींचं पाणी काळपट झालं. ते माणसांना पिता येईना, गुरांना पाजता येईना, पिकाला देता येईना. जमीनही नासली. ज्या गावाचं पोट शेतीवर चालतं त्या गावाचं पाणी आणि माती एकाच वेळी जाणं याचा अर्थ मराठी वाचकाला वेगळा सांगायला नको.

उदयपूरचा भाग अरवलीच्या कठीण खडकाचा. अशा खडकात पाणी वाळूतल्यासारखं सगळीकडे सारखं पसरत नाही. ते भेगांतून, फटींतून, झिजलेल्या थरातून वाट काढतं. त्यामुळे एका शेतातली विहीर चांगली राहते आणि बांधापलीकडची नासते, आणि कुठली कधी नासेल याचा अंदाज बांधणं अवघड असतं. आपला दख्खनचा काळा पाषाणही पाण्याच्या बाबतीत असाच भेगांचा. एमआयडीसीच्या शेजारच्या गावांत "त्याची विहीर बिघडली, माझी कशी नाही बिघडली?" हा वाद घालून तक्रारी फेटाळल्या जातात, तेव्हा भूगर्भाचं हे वागणं कोणी तरी सांगायला हवं.

गाव शांत बसलं नाही. लोक इतके चिडले की जिल्हा दंडाधिकाऱ्यांना कलम १४४ लावावं लागलं. जानेवारी १९८९ मध्ये एच-ॲसिडचं उत्पादन थांबलं.

इथे पहिला मोठा गैरसमज होण्यासारखा आहे. कारखाना बंद झाला म्हणजे प्रश्न सुटला, असं गावाबाहेरच्या प्रत्येकाला वाटू शकतं. पण भोंगा थांबला तरी गाळ होता तिथेच होता, आणि प्रत्येक पावसाळ्यात त्यातून नवं विष खाली उतरत होतं. बंदीनंतरची वर्षं ही प्रदूषणाचीच वर्षं होती, फक्त त्यांना आता मालक उरला नव्हता.

परवानग्यांचं काय झालं होतं

पाणी (प्रदूषण प्रतिबंध व नियंत्रण) अधिनियम १९७४ चं कलम २५ सांगतं की सांडपाणी सोडणारा उद्योग उभारण्याआधी राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळाची संमती घ्यावी लागते. राजस्थानच्या मंडळाने न्यायालयाला सांगितलं त्याप्रमाणे, समूहाच्या पहिल्या कंपनीने ना-हरकत घेतली होती ती सल्फ्युरिक ॲसिड आणि ॲल्युमिना सल्फेटसाठी. प्रत्यक्षात उत्पादन बदललं आणि त्यासाठी मंडळाकडे कोणी गेलंच नाही. एच-ॲसिड तर संमतीशिवायच बनवलं गेलं. नंतर मागितली तेव्हा मंडळाने नाकारली.

नाकारल्यानंतर काय, हा प्रश्न उरतोच. उत्पादन चालू होतं. कारखाना थेट बंद करण्याचा, वीज-पाणी तोडण्याचा आदेश देण्याची ताकद मंडळांना मिळाली ती १९८८ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम ३३-अ मुळे. त्याआधी न्यायालयात जा आणि तारखा मोजा, हाच मुख्य मार्ग होता. केंद्र सरकारकडे मात्र पर्यावरण (संरक्षण) अधिनियम १९८६ चं कलम ५ होतं. ते वेळेत वापरलं गेलं असतं तर गाळाचे ढीग किती लहान राहिले असते, याचा विचार केल्याशिवाय पुढे जाता येत नाही. माझ्या मते मंडळाचं अपयश कायद्याच्या उणिवेइतकंच वेगाच्या उणिवेचं होतं. एच-ॲसिड बनवायला दशकं लागली नाहीत. ३७५ टन माल आणि त्याचा सगळा गाळ तयार व्हायला अगदी थोडा काळ पुरला. नियंत्रक महिन्यांच्या हिशेबात चालतो आणि रिॲक्टर तासांच्या.

समोर कोणते मार्ग होते

कारखान्यापुढे सुरुवातीला तीन मार्ग होते. गाळासाठी अस्तर लावलेले खड्डे आणि सांडपाण्यासाठी प्रक्रिया यंत्रणा आधी उभारायची आणि तो खर्च मालाच्या किमतीत धरायचा. ते परवडत नसेल तर हा माल बनवायचाच नाही. किंवा बनवायचा आणि गाळ गावावर ढकलायचा. तिसरा मार्ग स्वस्त दिसला, कारण पहिल्या दोन मार्गांचा खर्च कंपनीच्या वहीत दिसतो आणि तिसऱ्याचा खर्च दुसऱ्याच्या विहिरीत.

गावकऱ्यांपुढचे मार्ग जास्त अवघड होते. दिवाणी दावा लावायचा तर प्रत्येक शेतकऱ्याला आपलं नुकसान, कारखान्याचा दोष आणि त्या दोन्हींमधला दुवा सिद्ध करावा लागणार. दाव्याच्या रकमेवर कोर्ट फी भरावी लागणार. आणि ज्याचं पीकच गेलं त्याने वकील कुठून आणायचा? फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १३३ खाली सार्वजनिक उपद्रव म्हणून दंडाधिकाऱ्यांकडे जाता आलं असतं. रतलाम नगरपालिकेच्या १९८० च्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने या कलमाला चांगलं बळ दिलं होतं. पण त्या वाटेने उपद्रव थांबवता येतो. जमिनीखालचं पाणी स्वच्छ करून मिळत नाही. मंडळावर अवलंबून राहण्याचा अनुभव गावाने घेतलेलाच होता.

एका पर्यावरणवादी संस्थेने चौथा मार्ग धरला : राज्यघटनेच्या अनुच्छेद ३२ खाली थेट सर्वोच्च न्यायालयात जनहित याचिका, ऑगस्ट १९८९. या निवडीत धोका होता. रिट याचिका सरकारविरुद्ध असते, खासगी कंपनीविरुद्ध ती चालते का, हा आक्षेप येणार हे उघड होतं आणि तो आलाही. पण फायदा मोठा होता. अधिकाऱ्यांनी आपलं काम का केलं नाही हा प्रश्न केंद्रस्थानी आणता येत होता, आणि न्यायालय स्वतः तज्ज्ञ पाठवू शकत होतं. पुराव्याचा भार गरीब शेतकऱ्याच्या डोक्यावरून उतरला तो या निवडीमुळे. संपूर्ण प्रकरणातला हा सर्वांत शहाणपणाचा निर्णय, असं मला वाटतं.

काय केलं गेलं

न्यायालयाने अंतरिम आदेश द्यायला सुरुवात केली : गाळ गोळा करा, सुरक्षित ठिकाणी झाकून ठेवा, अहवाल द्या. गोळा होऊन आवारातल्या खड्ड्यांत गेला तो साधारण ७२० टन. तयार झाला होता सुमारे २,४४० टन. उरलेल्याचं काय झालं ते तज्ज्ञांच्या पाहणीतून उलगडत गेलं. तो आवारात इथे-तिथे पसरलेला होता, काही ठिकाणी त्यावर नवी माती टाकून झाकलेला होता, शेजारच्या उतारांवरही होता. म्हणजे झिरपणं चालूच.

दरम्यान कंपन्यांची बाजू अशी : उत्पादन केव्हाच थांबलं आहे, गाळ हलवला आहे, आणि प्रदूषण झालं असेल तर ते शेजारच्या जस्त कारखान्यामुळे. हा शेवटचा युक्तिवाद प्रत्येक औद्योगिक पट्ट्यात ऐकू येतो. अनेक कारखाने एकत्र असले की प्रत्येकाला दुसऱ्याकडे बोट दाखवायची सोय असते. इथे तो टिकला नाही.

हे प्रकरण निर्णायक वळणावर आलं ते नागपूरच्या नीरीमुळे. राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्था, १९५८ पासून नागपुरात असलेली. न्यायालयाच्या सांगण्यावरून नीरीच्या शास्त्रज्ञांनी बिछडी परिसराची माती, विहिरी आणि गाळ तपासून १९९४ मध्ये सविस्तर अहवाल दिला. त्यात दोन आकडे होते. गावकऱ्यांच्या नुकसानीपोटी द्यायची रक्कम ३४२.८ लाख रुपये. विहिरींचं पाणी आणि माती पुन्हा नीट करण्याचा खर्च ३,७३८.५ लाख रुपये. आणि हा खर्च उद्योगाच्या व्यवस्थापनाने सोसावा, असंही अहवालात स्पष्ट म्हटलं होतं.

हे दोन आकडे शेजारी ठेवून बघावेत. माणसांचं नुकसान सव्वातीन-साडेतीन कोटी, निसर्ग पूर्ववत करायचा खर्च त्याच्या जवळजवळ अकरा पट. नुकसानभरपाई देऊन टाकली की जबाबदारी संपली, असं मानणाऱ्या प्रत्येक उद्योगासाठी हा धडकी भरवणारा हिशेब आहे. आणखी एक भागाकार : ३७ कोटी ३८ लाख ५० हजार रुपये भागिले ३७५ टन. किलोमागे जवळजवळ हजार रुपये. इतकी रक्कम फक्त सफाईची, त्या काळच्या रुपयांत. एच-ॲसिडच्या किमतीत हा खर्च धरला असता तर ते बनवण्याचा विचारही कोणी केला नसता.

निकाल

१३ फेब्रुवारी १९९६ रोजी न्यायमूर्ती बी. पी. जीवन रेड्डी आणि न्यायमूर्ती बी. एन. किरपाल यांच्या खंडपीठाने निकाल दिला. खासगी कंपनीविरुद्ध रिट चालत नाही या आक्षेपाला न्यायालयाने साधं उत्तर दिलं : केंद्र सरकार आणि मंडळ यांना कायद्याने जे करायला सांगितलं आहे ते करून घेण्यासाठी हे न्यायालय आदेश देऊ शकतं, आणि १९८६ च्या कायद्याची कलमं ३ आणि ५ सरकारला सफाईचा खर्च उद्योगाकडून वसूल करण्याचा अधिकार देतात.

दुसरा प्रश्न जबाबदारीच्या मोजमापाचा होता. दिल्लीतल्या डिसेंबर १९८५ च्या ओलियम वायूगळतीनंतर सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने सांगितलं होतं की घातक उद्योग चालवणाऱ्याची जबाबदारी निरपवाद असते. "आम्ही पुरेशी काळजी घेतली होती" हा बचाव चालणार नाही. भोपाळ प्रकरणाच्या वेळी या तत्त्वाच्या बंधनकारकतेबद्दल शंका काढली गेली होती. बिछडीच्या खंडपीठाने ती शंका बाजूला सारून ते तत्त्व लागू केलं आणि त्याला "प्रदूषण करणाऱ्यानेच किंमत मोजावी" या तत्त्वाची जोड दिली. म्हणजे जबाबदारीत पीडितांची भरपाई येते आणि बिघडलेला निसर्ग दुरुस्त करण्याचा खर्चही येतो. कारखाने बंद करण्याचे, मालमत्ता जप्त करण्याचे, सफाईची रक्कम केंद्राने ठरवून वसूल करण्याचे आदेश झाले. याचिकाकर्त्या संस्थेला खर्चापोटी ५०,००० रुपये मंजूर झाले. पर्यावरणासाठी स्वतंत्र न्यायालयं असावीत अशी सूचनाही या निकालात आहे. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाचा कायदा त्यानंतर २०१० साली आला.

पण निकालाचा एक भाग मला आजही सलतो. गावकऱ्यांच्या वैयक्तिक नुकसानीबाबत न्यायालयाने सांगितलं की त्यांनी किंवा त्यांच्या वतीने एखाद्या संस्थेने दिवाणी न्यायालयात दावे लावावेत. निर्धन म्हणून फी माफीचा अर्ज केला तर राज्य सरकारने विरोध करू नये. नीरीने काढलेला ३४२.८ लाखांचा आकडा समोर होता. तरीही सात वर्षं थांबलेल्या शेतकऱ्याला पुन्हा पहिल्या पायरीवर पाठवलं गेलं. अनुच्छेद ३२ खाली नुकसानीचा तपशीलवार पुरावा नोंदवता येत नाही, ही अडचण खरी आहे. तरी अहवालातली रक्कम अंतरिम भरपाई म्हणून देता आली असती, आणि ज्याला जास्त हवी त्याने दावा लावावा असं म्हणता आलं असतं. विहिरीचं पाणी शुद्ध होण्याची वाट बघणाऱ्या कुटुंबाला त्या काळात आधार लागतो तो पैशाचाच.

निकालानंतर

४ नोव्हेंबर १९९७ ला ३७.३८५ कोटी रुपये भरण्याचा आदेश झाला. गोष्ट इथे संपायला हवी होती. ती संपली नाही. पुनर्विलोकन याचिका झाली, त्यानंतरची शेवटची वाट असलेली क्युरेटिव्ह याचिका झाली, त्या फेटाळल्या गेल्या, आणि तरीही एकामागून एक अर्ज येत राहिले. पैसे भरले गेले नाहीत.

१८ जुलै २०११ रोजी न्यायमूर्ती दलवीर भंडारी आणि न्यायमूर्ती एच. एल. दत्तू यांच्या खंडपीठाने हे थांबवलं. अंतिम निकालानंतर पंधरा वर्षं केवळ पालन टाळण्यासाठी खटला जाणूनबुजून जिवंत ठेवला गेला, असं त्यांनी नोंदवलं. मूळ रकमेवर ४ नोव्हेंबर १९९७ पासून वार्षिक १२ टक्के दराने चक्रवाढ व्याज, शिवाय १० लाख रुपये खर्च, आणि तोही बिछडी परिसराच्या सुधारणेसाठी वापरायचा. दोन महिन्यांत न भरल्यास जमीन महसुलाच्या थकबाकीप्रमाणे वसुली.

हे व्याज महत्त्वाचं आहे. वर्षाला एकदा चक्रवाढ धरली तरी २०११ च्या मध्यापर्यंत रक्कम पावणेदोनशे कोटींच्या आसपास जाते. न्यायालयाचं तर्कशास्त्र थेट होतं : रक्कम न भरता ती इतकी वर्षं वापरली, म्हणजे विलंबातून फायदा झाला, आणि तो फायदा काढून घेतला पाहिजे. सरळ व्याज लावलं तर खटला लांबवणं हा एक स्वस्त कर्जाचा प्रकार ठरतो. १९९७ च्या आदेशातच ठरावीक मुदतीनंतर चक्रवाढ व्याज आपोआप लागू होईल असं एक वाक्य असतं, तर पुढचे अर्ज करण्यात कोणाला रस राहिला असता असं मला वाटत नाही.

काय वेगळं करता आलं असतं

सगळ्यात आधी, उत्पादन बदलाच्या क्षणी. संमती कारखान्याला मिळते असं आपण म्हणतो, प्रत्यक्षात ती विशिष्ट मालाला, विशिष्ट प्रमाणाला मिळते. माल बदलला की जुनी संमती निरुपयोगी. बिछडीत हा बदल कोणी वेळेवर पकडला नाही. आज आपल्या भागातल्या कारखान्याच्या संमतीपत्राची प्रत ग्रामपंचायतीने माहिती अधिकारात मागून घ्यावी, आणि त्यात लिहिलेला माल आणि गेटमधून बाहेर पडणारा माल एकच आहे का ते बघावं. हे काम कोणाही जागरूक सदस्याला जमण्यासारखं आहे आणि माझ्या माहितीत ते फार कमी ठिकाणी होतं.

दुसरं, विहिरींची आधीची नोंद. कारखाना येण्याआधी पाणी कसं होतं याचा कागद असेल तर "आधीपासूनच खराब होतं" हा बचाव मरतो. नमुना घेण्याची पद्धतही महत्त्वाची. कारखान्याच्या सांडपाण्याचा नमुना न्यायालयात टिकायचा असेल तर तो पाणी कायद्याच्या कलम २१ प्रमाणे, कारखानदाराला नोटीस देऊन, दोन भागांत, मोहोर लावून घ्यावा लागतो आणि ते काम मंडळाच्या अधिकाऱ्याचं. गावकऱ्याने बाटलीत भरून आणलेलं पाणी मंडळाला हलवायला उपयोगी पडतं, खटल्यात एकटं पुरत नाही. म्हणून तक्रार करतानाच मंडळाकडे संयुक्त नमुन्याची लेखी मागणी करावी.

तिसरं, गाळ. बिछडीत प्रत्येक पावसाळा हा नवा हल्ला होता. न्यायालयाने पहिल्याच वर्षी सफाईची रक्कम अंदाजाने ठरवून कंपनीकडून आगाऊ जमा करून घेतली असती आणि काम दुसऱ्या यंत्रणेकडून करून घेतलं असतं, तर मातीखाली झाकलेले ढीग हा प्रकार झाला नसता. ज्याने घाण केली त्याने पैसे द्यावेत हे बरोबर. पण साफ करण्याचं कामही त्याच्याच हाती ठेवलं की तो ते झाकण्याच्या पद्धतीने करतो. बँक गॅरंटी घेण्याचा आजचा मार्ग याच अनुभवातून वाचावा.

चौथं, कंपनीच्या संचालक मंडळाच्या टेबलावर. कंपनी कायदा २०१३ च्या कलम १३५ मुळे ५०० कोटी नक्त मूल्य, १,००० कोटी उलाढाल किंवा ५ कोटी नफा यांपैकी एक निकष पूर्ण करणाऱ्या कंपनीला मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या २ टक्के सामाजिक कामावर खर्चावे लागतात. हा खर्च चांगला आहे, पण तो या विषयाचा छोटा कोपरा आहे. नियमांत स्पष्ट आहे की कोणत्याही कायद्याने बंधनकारक असलेली कामं या २ टक्क्यांत धरता येत नाहीत. म्हणजे सांडपाणी प्रक्रिया यंत्रणा किंवा गाळाची विल्हेवाट ही समाजसेवा म्हणून दाखवता येणार नाही. त्याहून मोलाचं कलम १६६(२) आहे. संचालकाने भागधारक, कर्मचारी, समाज आणि पर्यावरण यांच्या हिताचा विचार करून निर्णय घ्यावेत असं ते सांगतं. एच-ॲसिडसारखा प्रस्ताव बैठकीत आला की गाळाचा कायमचा खर्च विचारणं हे त्या संचालकाचं कायदेशीर कर्तव्य आहे, आणि त्याने विचारलं होतं हे इतिवृत्तात दिसायला हवं.

दंडाच्या तरतुदी मात्र सैल झाल्या आहेत, हे सांगितलंच पाहिजे. २०२३ च्या जनविश्वास कायद्याने पर्यावरण संरक्षण अधिनियमातली कैदेची शिक्षा काढून त्या जागी १०,००० ते १५ लाख रुपयांचा दंड आणला. बिछडीच्या सफाईचा आकडा ३७ कोटींच्या वर होता. एवढ्या तफावतीत दंड हा उत्पादनखर्चाचा एक छोटा भाग ठरू शकतो, म्हणून निसर्ग पूर्ववत करण्याच्या खर्चाची वसुली हीच आता खरी धार आहे.

बिछडीच्या शेतकऱ्यांना जे तीन ठिकाणी मागावं लागलं असतं ते आज एकाच अर्जात मागता येतं. हरित न्यायाधिकरण कायद्याचं कलम १५ पीडितांची भरपाई, मालमत्तेची भरपाई आणि पर्यावरण पूर्ववत करणं असे तिन्ही आदेश देण्याचा अधिकार देतं, आणि कलम १७ प्रमाणे त्यासाठी कारखानदाराची चूक सिद्ध करावी लागत नाही. महाराष्ट्र, गोवा आणि गुजरातसाठी न्यायाधिकरणाचं खंडपीठ पुण्यात आहे. फक्त घड्याळाकडे लक्ष हवं : कलम १५ च्या अर्जाला मुदत पाच वर्षांची, आणि ती वादाचं कारण पहिल्यांदा घडलं तेव्हापासून मोजली जाते. कलम १४ खालचा, म्हणजे पर्यावरणाविषयीचा इतर दिवाणी वाद तर सहा महिन्यांतच न्यावा लागतो. विहिरीचं पाणी बदललं असं ज्या दिवशी जाणवलं, ती तारीख ग्रामसभेच्या ठरावात लिहून घ्यावी, आणि त्याच ठरावाची प्रत मंडळाच्या प्रादेशिक कार्यालयात पोच घेऊन द्यावी.